शून्यं संपली तेव्हा

गिरगावात आमच्या छापखान्यात
खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं.
‘ळ’ला कोपरा, ‘ङ’ला धूळ,
शून्याचं घर ऐसपैस, तरी शनिवारी रात्री रिकामं,
कारण लॉटरीचा निकाल मीच जुळवायचो.

त्याच रात्री मोझेल झिराडकरबाईंचा मजकूर
रविवारच्या पुरवणीसाठी, निळ्या शाईतला:
देवयानी दीर्घिका, एकवीसवर अठरा शून्यं,
इतके किलोमीटर दूर.

मी निरोप धाडला, शून्यं संपली, बाई.
दुसरं कुणी मालकांकडे गेलं असतं.
या स्वतः आल्या, साडेआठला,
एका चपलेचा अंगठा तुटलेला.
“उशीर झाला. तिसरा तारा धुरात अडकला होता.”

मला काही कळेना. मग सांगितलं,
शाब्बाथ सुटायला तीन तारे दिसावे लागतात.
लहानपणी मांडवीच्या गच्चीवर
वडील मोजायला हिलाच पाठवायचे.
खाली चूल थांबलेली, भाऊ भुकेले,
आणि ही वर चौथा, सातवा, अकरावा करत बसलेली.
“माझं शिक्षण तेवढंच. पुढच्या नुसत्या पदव्या.”

शाईनं माखलेल्या स्टुलावर बसून
त्यांनी अठराच्या अठरा शून्यं खोडली.
देवयानीही खोडली.
“तुमची मुलगी केवढी?”
“आठ सरून नववं चालू आहे. तिसरीत.”
“मग जुळवा.”
त्या बोलत गेल्या, मी उभ्या उभ्या जुळवत गेलो:
आज रात्री व्याध पाहा.
जो उजेड तुमच्या डोळ्यात शिरतोय
तो तिथून निघाला
तेव्हा तुमची तिसरीतली मुलगी नुकती जन्मून रडत होती.

एक शून्य लागलं नाही.
माझी वासंती दुसऱ्या दिवसापासून
व्याधाला ‘माझा’ म्हणू लागली.

पुढे मीही जायचो त्यांच्याबरोबर, तिपाई खांद्यावर.
करी रोडला गिरणीच्या दाराशी,
दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री बारानंतर,
केसांत कापूस घेऊन रांग लागायची.
एकानं शनी पाहिला, कडी पाहिली,
डोळा काढून दुर्बिणीचं तोंड बोटानं पुसलं.
“बाई, चित्र चिकटवलंय.”
“हात लावू नका. नुसतं बघत राहा.”
शनी हळूहळू काठाकडे सरकला आणि गेला.
तो माणूस कितीतरी वेळ
रिकाम्या काळोखाला डोळा लावून उभा.

कुलाब्याच्या संस्थेतले लोक म्हणत,
झिराडकरबाई आकाशाची फेरी लावतात.
त्या हसायच्या. “आमचे आजे-पणजे
शनिवार सोडून तेलच विकत होते दारोदार.
दिव्यालाच लागायचं ना ते?”
रेडिओवाल्यांनी आवाज घोगरा म्हणून परत पाठवलं.
रूपविकारी ताऱ्यांवरचा प्रबंध अर्धा राहिला.
त्याबद्दल विचारलं की त्या माझ्या दम्याची चौकशी करत.

मग ऑफसेट आलं. शिसं वजनावर गेलं.
भट्टीत टाकण्याआधी मी एक शून्य खिशात घातलं.
खिळ्यांवर सगळी अक्षरं उलटी असतात,
शून्य तेवढं कसंही धरा, सुलटंच.

बाई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं,
चार ओळींत, कॉम्प्युटरवर जुळवलेल्या,
त्यात झिराडकरचं झिरडकर झालेलं.

वरळीच्या दफनभूमीत फुलं कुठेच नव्हती.
त्यांच्यात खडा ठेवतात, रखवालदारानं सांगितलं.
मी खडा शोधला, सापडले पुष्कळ,
पण हात खिशातच गेला.

आज शनिवार. बोरिवलीच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला टेकून उभा आहे.
एक दिसला. दुसराही.
तिसरा बराच वेळ जागेवर होता,
मग लुकलुकत सांताक्रूझकडे उतरायला लागला.
वासंती खालून हाक मारतेय, जेवायला चला.
थांब म्हणालो. अजून सुटला नाही.